अल्फा, ज्युलिएट, इंडिया : नाव फोडून केव्हा सांगावे?

अल्फा, ज्युलिएट, इंडिया, नोव्हेंबर, टँगो, हॉटेल, अल्फा. हे सात शब्द या क्रमाने कानी पडले की जगातल्या कोणत्याही देशातला रेडिओचालक समोरच्या कागदावर सात रोमन अक्षरे लिहितो आणि त्यांतून 'अजिंठा' हे नाव उभे राहते. त्याने हे नाव पूर्वी ऐकलेले असण्याची गरज नाही. त्याला मराठी येण्याचीही गरज नाही. प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेला शब्द उच्चारायचा आणि ऐकणाऱ्याने त्या शब्दाचे पहिले अक्षर तेवढे टिपायचे, एवढाच हा संकेत. इंग्रजीत त्यास 'फोनेटिक अल्फाबेट' म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यास 'संकेतवर्णमाला' म्हणू.

हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर 'हॅम' म्हटले जाते, सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्रावरून, कोणताही व्यापारी हेतू न ठेवता परस्परांशी बोलतात. त्यांच्यासाठी ही सव्वीस शब्दांची यादी पाठ करणे हे एका संध्याकाळचे काम आहे. ती केव्हा वापरावी आणि केव्हा वापरू नये, हे मात्र सरावानेच कळते. वरवर हा प्रश्न तांत्रिक शिष्टाचाराचा वाटतो. तथापि जे लोक पाठचिकित्सा शिकतात आणि शिकवतात, त्यांना तो चांगलाच ओळखीचा वाटावा, असे आमचे म्हणणे आहे. कारण संहितेतील कोणता भाग अर्थाच्या आधाराने पुन्हा उभा करता येतो आणि कोणता येत नाही, हाच दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. त्याचे एक उत्तम उदाहरण अजिंठ्याच्याच एका भिंतीवर आहे. म्हणून आधी तिकडे वळू.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेर वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरविलेला संस्कृत लेख आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ पद्यात दिली आहे. ऊन-पावसाने लेखाची बरीच अक्षरे झिजली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात अजिंठ्याचे लेख प्रसिद्ध केले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी ते पुन्हा अभ्यासले. पहिल्या प्रवरसेनानंतर येणाऱ्या राजाचे नाव या एकोणिसाव्या शतकातील वाचनांत 'रुद्रसेन' असे धरले गेले. त्यास आधारही होता. प्रवरसेनाच्या वंशात रुद्रसेन नावाचा राजा होऊन गेल्याचे इतर लेखांवरून ठाऊक होते. भिंतीवरील अंधूक अक्षरांत अभ्यासकांच्या डोळ्यांनी ठाऊक असलेले नाव पाहिले.

१९३९ साली वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट सापडले. प्रवरसेनाचा सर्वसेन नावाचा मुलगा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम, शाखेचा मूळ पुरुष होता, हे त्यांवरून कळले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या नव्या ज्ञानासह अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला आणि जिथे 'रुद्रसेन' वाचले जात होते तिथे 'सर्वसेन' आहे, हे दाखवून दिले. त्यांचे हे वाचन १९४१ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व मालेत प्रसिद्ध झाले. वाकाटकांची एक संपूर्ण शाखा इतिहासात परत आली. एवढेच नव्हे, तर आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ज्याचा उल्लेख केला आहे, त्या 'हरिविजय' या आज लुप्त झालेल्या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन हा हाच वाकाटक राजा, हे सांगण्याची वाटही मोकळी झाली. साहित्यशास्त्रात कवीचे नाव शाबूत होते. भिंतीवर राजाचे नाव चुकले होते. त्यामुळे दोघांची गाठ पडत नव्हती.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पद्यातील एखादा शब्द झिजला, तर छंद आणि अन्वय हे दोघे मिळून तो पुष्कळदा परत मिळवून देतात. परंतु 'सर्व' आणि 'रुद्र' या दोहोंतही एक गुरू आणि एक लघू. म्हणजे छंद दोन्ही नावांना सारखाच दरवाजा उघडतो. अन्वयही सारखाच: राजाच्या जागी राजाचे नाव. विशेषनामाला संदर्भ तारू शकत नाही, याचे इतके नेमके उदाहरण आम्हांस दुसरे सुचत नाही. विशेषनामाची भिस्त त्याच्या अक्षरांवरच असते.

आता आकाशवाटेकडे येऊ. दूरच्या अंतरासाठी हौशी रेडिओचालक 'सिंगल साइडबँड' नावाची पद्धत वापरतात. तीत मानवी आवाजाचा साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठविला जातो. आवाज ओळखू येतो, वाक्य कळते. पण 'स' आणि 'फ' यांना वेगळे करणारी सळसळ बहुतांशी या पट्ट्याच्या वर असते, ती वाटेतच गळते. त्यामुळे इंग्रजी अक्षरांपैकी 'एस' आणि 'एफ' एकसारखे ऐकू येतात. 'एम' आणि 'एन' यांचे तेच. 'बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही' ही सारी तर एकाच यमकात बसलेली मंडळी. वर विजांचा कडकडाट, शेजारच्या लहरीवरील आगंतुक आवाज आणि आयनांबरातून परावर्तित होताना क्षीण होत जाणारा संदेश. अशा ध्वनीत एकाक्षरी नाव टिकत नाही. दोन-तीन अक्षरांचा शब्द टिकतो, कारण त्याचा एक तुकडा हरवला तरी उरलेला तुकडा त्यास ओळखून देतो.

ही युक्ती प्रथम कशी वापरली गेली, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश सैन्यातील संदेशवाहकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जे शब्द ठरवले, ते सव्वीस अक्षरांसाठी नव्हतेच. 'ए'साठी 'ॲक', 'बी'साठी 'बीअर', 'एम'साठी 'एम्मा', 'पी'साठी 'पिप', 'एस'साठी 'एसेस', 'टी'साठी 'टॉक', 'व्ही'साठी 'व्हिक'. बाकीची अक्षरे जशीच्या तशी. म्हणजे जेथे गोंधळ होतो तेथेच शब्द आणि जेथे होत नाही तेथे नुसते अक्षर. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या तोंडी दुपारची वेळ सांगताना 'पीएम'चे 'पिप एम्मा' झाले, ते यातूनच. संकेतवर्णमालेचा वापर 'केव्हा' करावा, या प्रश्नाचे उत्तर तिच्या जन्मातच दडलेले होते, असे म्हणावेसे वाटते.

पुढे व्यवहार आंतरराष्ट्रीय झाला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत स्थलनामांवर बेतलेली यादी आली: ॲमस्टरडॅम, बाल्टिमोर, जेरुसलेम, लिव्हरपूल, मादागास्कर, सँटियागो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने 'एबल, बेकर, चार्ली, डॉग' ही यादी रूढ केली. तीत 'आर'साठी 'रॉजर' होते. 'आर' हे 'संदेश मिळाला' याचे लघुरूप. म्हणून यादी गेली तरी 'रॉजर' हा शब्द त्या अर्थाने आजही जिवंत आहे. परंतु या याद्या मुख्यतः इंग्रजी कानांसाठी होत्या. युद्धोत्तर काळात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषकांना पेलतील असे शब्द शोधण्याचे काम हाती घेतले आणि ते माँट्रिऑल विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल व्हिने यांच्याकडे आले. भाषांतरमीमांसेच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असेल. दार्बेल्ने यांच्यासह १९५८ मध्ये फ्रेंच-इंग्रजी तुलनात्मक शैलीविचारावरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे व्हिने ते हेच.

त्यांच्या कामातून आलेली यादी १ नोव्हेंबर १९५१ पासून लागू झाली. वापरात तिचे दोष दिसले: 'नेक्टर' आणि 'व्हिक्टर', 'डेल्टा' आणि 'एक्स्ट्रा' यांत गोंधळ होई. ३१ देशांच्या भाषकांवर चाचण्या झाल्या. पाच अक्षरांचे शब्द बदलले आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी आली. 'अल्फा'चे रोमन लेखन 'पीएच'ऐवजी 'एफ'ने आणि 'ज्युलिएट'च्या शेवटी दोन 'टी', हेही मुद्दाम केलेले आहे. इंग्रजी न जाणणाऱ्याने 'पीएच'चा उच्चार चुकवू नये आणि फ्रेंच वाचकाने अखेरचा 'टी' गिळू नये म्हणून. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत हीच यादी आली आणि हौशी रेडिओचालकांचीही तीच झाली. तरी जुने शब्द पूर्णपणे गेले नाहीत. 'सिएरा' पोचत नसेल तर अनुभवी हॅम 'शुगर' किंवा 'सँटियागो' म्हणून पाहतात. भाषेत तत्समाशेजारी तद्भव नांदावे तसे हे जुने थर आजही नांदत आहेत.

आता मूळ प्रश्न. प्रत्येक परवानाधारकास एक कॉल साइन मिळते. भारतात ती बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते, पुढे एक अंक आणि मग दोन-तीन अक्षरे. तीच त्याची ओळख. संभाषणाच्या आरंभी व शेवटी ती सांगणे नियमानुसार आवश्यक असते आणि तिला संदर्भाचा कोणताही आधार नसतो. म्हणून दूरच्या, अनोळखी स्थानकाशी बोलताना पहिल्यांदा ती संकेतवर्णमालेतच सांगावी. संदेश क्षीण असेल, अनेक जण एकाच वेळी हाका मारीत असतील किंवा ऐकणाऱ्याची मातृभाषा वेगळी असेल, तर ती पुन्हाही तशीच सांगावी. माणसाचे आणि गावाचे नाव आधी सरळ उच्चारावे, मग 'अक्षरे सांगतो' असे म्हणून एकदा फोडावे आणि अखेर पुन्हा सरळ उच्चारावे. नाव, फोड, नाव, असा हा क्रम. त्यामुळे ऐकणाऱ्यापाशी ध्वनी आणि अक्षरे दोन्ही राहतात. शब्द पोचला नाही तर तोच शब्द ओरडून सांगण्यापेक्षा त्याच अक्षराचा दुसरा रूढ शब्द द्यावा.

आणि न वापरण्याच्या जागा? शहरातल्या मित्रांशी स्वच्छ एफएम लहरीवर गप्पा चालल्या असतील, सारे एकमेकांच्या आवाजावरून ओळखू येत असतील, तर प्रत्येक वेळी 'व्हिक्टर युनिफॉर्म' करणे म्हणजे घरच्या माणसाशी बोलताना दर वाक्याला आडनाव लावण्यासारखे आहे. सामान्य शब्द कधीच फोडू नयेत. 'इकडे पाऊस पडतो आहे' या वाक्यातला एखादा शब्द गळाला तरी वाक्य स्वतःच त्याची भरपाई करते. 'क्यूआरएम' यांसारखे रूढ संकेत हे मुळात शब्दच झाले आहेत. त्यांची पुन्हा फोड करणे व्यर्थ. मोर्सच्या टिंब-रेषांत तर प्रत्येक अक्षराला आपली स्वतंत्र लय असते, तेथे या शब्दांचे कामच नाही. थोडक्यात, अर्थ जेथे डागडुजी करू शकतो तेथे बोलावे. जेथे करू शकत नाही तेथे अक्षरे सांगावीत.

आपल्या परंपरेस हा विवेक नवा नाही. वेदपठणात संहितापाठाबरोबर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पाठ रचले गेले. शब्द उलटसुलट जोडून पुन्हा पुन्हा म्हटले गेले, कारण तेथे एक स्वरही बदलणे मान्य नव्हते. जात्यावरच्या ओवीला मात्र असे कुंपण कोणी घातले नाही. ती गावोगावी बदलली आणि बदलूनच जगली. दोन्ही मौखिक परंपरा एकाच भूमीतल्या. कोणत्या शब्दाला पहारा हवा आणि कोणत्याला नको, याची जाण दोन्हींत आहे.

ओळख सांगण्याचे मोल मुंबईने एकदा उलट बाजूनेही पाहिले आहे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतून काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या गुप्त केंद्राच्या यंत्रामागे नरिमन प्रिंटर हे जुने हॅम होते. त्यांची कॉल साइन 'व्हीयू-२-एफयू'. क्षीण लहरीवर ती 'एसयू' अशी ऐकू येण्याचा संभव किती मोठा, हे वर आलेच आहे. परंतु गुप्त केंद्राला अशी ओळख सांगून चालणार नव्हते. ते आपण भारतात कोठेतरी आहोत एवढेच सांगत असे आणि जागा बदलत राही. त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरला पोलिसांनी केंद्र पकडले. एरवी हॅमच्या हाती असलेले यंत्र बोलायला लागण्यापूर्वी स्वतःचे नाव सांगते. या केंद्रात तेच यंत्र नाव लपवून बोलत होते.

संकटकाळी मात्र नाव हाच संदेश होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यानंतरच्या दिवसांत हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांचे पथक अंदमानहून 'व्हीयू-४-आरबीआय' या कॉल साइनने जगाशी बोलत होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच यंत्रावरून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवरील आप्तांकडे जाऊ लागले. 'सुखरूप आहे' हे वाक्य अर्धे ऐकू आले तरी कळते. कोण सुखरूप आहे, ते अर्धे ऐकू आले तर कळत नाही. उलट जे नाव ऐकण्याची मनाला आस आहे, तेच ऐकू येते. अजिंठ्याच्या भिंतीवर विद्वानांना ओळखीचा रुद्रसेन दिसला. रेडिओच्या खरखरीत एखाद्या आईला आपल्याच मुलाचे नाव ऐकू येऊ शकते. तेथे फोड करून सांगितलेले एकेक अक्षर ही माणुसकीची किमान मर्यादा आहे.

याच उदाहरणात या वर्णमालेची मर्यादाही दिसते. भूकंपग्रस्त गावांत होळी हे एक गाव होते. 'हॉटेल, ऑस्कर, लिमा, इंडिया' ही फोड बिनचूक पोचली तरी ऐकणारा 'होली' लिहील, कारण रोमन लिपीत 'ळ' नाही. 'अजिंठा' फोडून सांगितले तरी 'अजिंथा' होऊ शकते, कारण 'ठ' आणि 'थ' दोहोंसाठी 'टँगो, हॉटेल' हेच. नावात 'फोनेटिक' असले तरी ही वर्णमाला ध्वनी पोचवीत नाही. ती रोमन अक्षरे पोचवते. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ या स्थानांनुसार वर्ण मांडणारी आपली वर्णमालाच खरी ध्वन्यात्मक. शिवाय अक्षरे अचूक पोचली तरी स्थळ निश्चित होतेच असे नाही. अजिंठा हे गाव आणि अजिंठ्याची लेणी यांत दहा-अकरा किलोमीटरचे अंतर आहे. सांगवी आणि पिंपळगाव तर किती, हे सांगायला नको. तालुका जोडल्याशिवाय अशा नावाचा पत्ता पुरा होत नाही.

मराठीपाशी यावरचा उपाय पूर्वापार आहे. शाळेतल्या तक्त्यावर 'क कमळाचा' शिकलेला प्रत्येक जण एक संकेतवर्णमाला बाळगून असतो. 'न नळाचा की ण बाणाचा' हा प्रश्न आपण आजही विचारतो. 'ण' आणि 'ळ' हे वर्ण मराठीत शब्दारंभी येत नाहीत. म्हणून तक्ता करणाऱ्यांनी ते बाणातून आणि बाळातून, शब्दाच्या पोटातून काढले. पहिले अक्षरच घ्यायचे, या आंतरराष्ट्रीय नियमाला ही सोय नाही. 'अ, जला पहिली वेलांटी, वर अनुस्वार, ठ ठशाचा, ठला काना' असे म्हटले की 'अजिंठा' हे नाव ठकारासह, वेलांटीसह आणि अनुस्वारासह पोचते. कानाला न कळणारा ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही त्यात येतो.

म्हणून आमचे मत असे, की कॉल साइन आणि परदेशी संभाषण यांसाठी 'अल्फा, ब्राव्हो'च हवेत. तो सर्वांनी मिळून केलेला करार आहे आणि त्यात आपापले गमतीदार शब्द घुसडणे म्हणजे करार मोडणे होय. परंतु मराठी माणूस मराठी माणसाला मराठवाड्यातल्या गावाचे किंवा माणसाचे नाव सांगत असेल, विशेषतः संकटात, तर त्याने ते बाराखडीनेही सांगावे आणि पुढे तालुका जोडावा. सर्वसेनाचे नाव भिंतीवर होतेच; ते पुन्हा वाचले जाण्यासाठी वाशीमचे ताम्रपट सापडावे लागले. एकाच नावाचे दोन स्वतंत्र साक्षीदार असणे, हे पाठचिकित्सेचे जुने सूत्र आहे. रेडिओवर तो दुसरा साक्षीदार बोलणाऱ्याने त्याच श्वासात, ऐकणाऱ्याने मागण्यापूर्वी द्यावयाचा असतो.